खंडेनवमीची जोड

पानसे साहेबांनी अ‍ॅनालायझरवर झेंडूचं फूल ठेवलं तेव्हा मी हातात सर्किट बोर्ड घेऊन धापा टाकत जिना चढत होते. जरा आधी पोचले असते तर निदान "थांबा" तरी म्हणता आलं असतं.

"साहेब, मला एकदाच मोजायचंय," मी दारातूनच म्हणाले. "आत्ता फिल्टर बदललाय. आज खरखर नक्की लाल रेषेखाली जाणार."

"परवा," साहेब म्हणाले आणि त्यांनी अ‍ॅनालायझरच्या काचेला हळदीकुंकवाचं बोट लावलं. "फूल पडलं. आता दसरा होईपर्यंत याला हात नाही."

"परवा प्रयोगशाळेचे देवस्थळी बोर्ड बघायला येणार आहेत."

"ते यायच्या आधी मोजा."

पानसे साहेब हा मोठा गुणी माणूस, पण खंडेनवमीच्या बाबतीत भिंतीशी बोलणं परवडलं. आमचा छोटासा कारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. खालच्या शेडमध्ये बॅटरी चार्जर तयार होत आणि त्यावर सगळ्यांचे पगार निघत. वरच्या खोलीत साहेबांचं स्वप्न होतं, म्हणजे आम्ही दोघं, मी आणि चौगुले. खंडेनवमीला कारखान्यातली सगळी हत्यारं पुसूनबिसून पांढऱ्या चादरीवर मांडायची, पूजा करायची आणि मग त्यांना विश्रांती द्यायची, हा साहेबांचा नेम. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंगच्या बंदुका, मीटर, पॉवर सप्लाय, सगळ्यांवर एकेक झेंडू. मधोमध तो सिग्नलमधली खरखर मोजणारा परदेशी अ‍ॅनालायझर, साहेबांनी एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावातून आणलेला. त्याला आम्ही मामलेदार म्हणायचो, कारण त्याचा निकाल शेवटचा.

आमचं काम होतं फ्रीक्वेन्सी सिंथेसायझरचं. सांगू ती फ्रीक्वेन्सी तयार करून देणारी ही वस्तू. देवस्थळी ज्या सरकारी प्रयोगशाळेत होते तिथल्या रेडिओला एका फ्रीक्वेन्सीवरून दुसरीवर सारख्या उड्या मारायच्या होत्या. उडी डोळ्याचं पातं लवायच्या किती तरी आधी पुरी व्हायला हवी, आणि जिथे पोचेल तिथे आवाज स्वच्छ हवा, खरखर नको. गाणारीने एका स्वरावरून दुसऱ्यावर झेप घ्यावी आणि पोचल्याक्षणी स्थिर व्हावं, तसं. अडचण अशी की उडी जलद करायला जावं तर खरखर वाढते, आणि खरखर दाबायला जावं तर उडी मंदावते. ही दोन्ही एका घरात नांदत नाहीत म्हणून तर परदेशी लोक त्याचे वाट्टेल ते पैसे घेत.

साहेबांनी आम्हा दोघांना एकेक बोर्ड करायला लावला होता. माझा उडीत पटाईत. चौगुल्यांचा मंद, पण त्यांच्या मते शांत. मामलेदाराच्या काचेवर साहेबांनी लाल शाईची रेषा मारली होती. खरखर त्या रेषेखाली गेली पाहिजे.

"ज्याचा बोर्ड सरस तो वर राहील," साहेबांनी श्रावणातच सांगून टाकलं होतं. "दुसरा चार्जरकडे. आणि दोघांचाही रेषेखाली गेला नाही, तर मी ही खोलीच बंद करतो. मग दोघंही चार्जरकडे."

चार्जर वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण मी इंजिनियर झाले ती या खोलीसाठी. सकाळी टेबलापाशी बसले की संध्याकाळ कधी झाली हे मला कळायचं नाही, आणि जगात इतकं सुख दुसऱ्या कुठल्या कामात असेल असं मला वाटत नव्हतं. ते हातातून जायला निघालं होतं. महिनोन्महिने मी बदल करत होते आणि मामलेदार ढिम्म हलत नव्हता. खरखरीचा तो एक उंचवटा रेषेच्या वर जाऊन बसला होता आणि माझ्याकडे बघत होता.

पूजा झाली. साहेबांनी मंडपवाल्याकडून आणलेल्या लाउडस्पीकरवर दरवर्षीचं भाषण केलं. आपली उपकरणं खोटं बोलत नाहीत, माणसाने त्यांच्याकडून शिकावं, असा त्याचा सारांश. पेढे वाटले, लोक घरी गेले. मी वरच्या खोलीतच धुसफुसत बसले. चौगुले खिडकीपाशी दुसरा पेढा खात होते.

रंगराव चौगुले कागलचे. अंगाने आडवे, बोलण्यात संथ. वडील तालमीत वस्ताद होते आणि पोराने शिकावं म्हणून त्यांनी त्याला आखाड्यातून बाहेर हाकललं होतं. मला त्यांच्या संथपणाचा राग यायचा. त्या दिवशी तर जास्तच.

"चौगुले, एक विचारू? खरं सांगा," मी म्हणाले. "माझा फिल्टर चोरून उतरवून घेतलात ना तुम्ही?"

पेढा खाता खाता ते थांबले. "कशावरून म्हंताय?"

"तुमची खरखर आणि माझी खरखर मामलेदारावर अगदी सारखी दिसते. तोच उंचवटा, त्याच जागी. दोन माणसांनी वेगवेगळं काम केलं तर असं होईल का?"

त्यांनी रागावायला हवं होतं. मी त्याच तयारीत होते. त्यांनी हात पुसले, कपाटातून आपला बोर्ड काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे ठेवला.

"बगा की बाई. आपलं काय उघड हाय."

मी बघितलं. त्यात माझं काही नव्हतं. मी जिथे चार गोष्टी घातल्या होत्या तिथे त्यांची एकच होती, आणि माझं जिथे साधं होतं तिथे त्यांनी भलताच कुटाणा केला होता. कॉइल तर मेणात बुडवून ठेवलेली, देवापुढच्या समईसारखी. दोन बोर्डांत नात्यागोत्याचंही साम्य नव्हतं.

"माफ करा," मी म्हणाले. हे दोन शब्द मला फार जड जातात.

"ऱ्हाऊ द्या. मला बी तसंच वाटलं हुतं तुमच्याबद्दल." ते हसले. "म्हंजे आता कोण भारी, ते ठरायचं कसं? तुमचं बी तेवढंच, माझं बी तेवढंच."

"परवा मोजू. नवा फिल्टर घातलाय मी."

"मोजून काय हुतंय? पैलवान काट्यावर चढवून कोण भारी ते कळत न्हाई. जोड लावावी लागतीय."

"कुणाची?"

"ह्या दोघांची." त्यांनी दोन्ही बोर्डांवर बोट ठेवलं. "दोघांना एकच फ्रीक्वेन्सी द्यायची आणि एकमेकांतनं वजा करायचं. सारखं आसंल ते कटून जाईल. उरंल ती दोघांची मिळून खरखर. कानानं ऐकू की."

कल्पना चांगली होती आणि ती मला सुचली नव्हती, ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे हात लावायला एकही हत्यार मोकळं नव्हतं.

"साहेब ठार मारतील," मी म्हणाले.

"हत्यारांना हात लावायचा न्हाई म्हणालेत. बोर्ड हत्यार कुठं हाय? त्यो आपला माल हाय."

खरं सांगायचं तर मला ही पळवाट हवीच होती. आम्ही कामाला लागलो. पॉवर सप्लायवर फूल होतं, म्हणून चार्जरच्या शेडमधून दोन बॅटऱ्या उचलून आणल्या. सुट्या भागांच्या खणात मिक्सर होता, म्हणजे दोन सिग्नल घेऊन त्यांच्यातला फरक बाहेर काढणारी काडेपेटीएवढी डबी. तोही मालच. सोल्डरिंग करता येत नव्हतं, म्हणून वायरी दातांनी सोलल्या आणि पिळल्या. शेवटी प्रश्न उरला आवाजाचा.

"भाषणाचा लाउडस्पीकर," मी म्हणाले. "तो भाड्याचा आहे. त्याची पूजा झालेली नाही."

"शाब्बास," चौगुले म्हणाले, आणि मला उगाचच बरं वाटलं.

लाउडस्पीकरच्या माइकच्या जागी आम्ही मिक्सरची वायर जोडली. आधी दोन्ही बोर्ड आपापल्या क्रिस्टलवर चालू केले. क्रिस्टल म्हणजे प्रत्येकाचं घड्याळ. दोन घड्याळं कधी तंतोतंत सारखी नसतात, त्यामुळे दोघांच्यातला इवलासा फरक कर्ण्यातून शिट्टीसारखा सूं करत निघाला. जोडणी बरोबर होती. मग माझं क्रिस्टल काढून दोघांना चौगुल्यांच्या क्रिस्टलवर घेतलं. सूं थांबलं. वायरीची लांबी कमीजास्त करून दोघांना नीट समोरासमोर आणलं आणि मी आवाजाचं बटण हळूहळू वाढवत नेलं. पावसाळी रात्री रेडिओ लागत नाही तेव्हा होते तशी खरखर येणार, या हिशेबाने मी एक कान झाकून घेतला होता.

काही आलं नाही.

बटण शेवटपर्यंत नेलं. कर्ण्यातून त्याची स्वतःची बारीक घुणघुण तेवढी येत होती.

"वायर सुटली," मी म्हणाले.

चौगुल्यांनी वायर पाहिली. सुटली नव्हती. बॅटऱ्या पाहिल्या. ठीक होत्या. मी पुन्हा सगळं तपासलं, कारण त्यांनी तपासल्यावर माझा विश्वास बसत नव्हता. सगळं जागच्या जागी. माझी सहनशक्ती मुळातच बेताची. मी चिडून टेबलावर मूठ आपटली.

कर्ण्यातून धडाम आवाज आला. खिडकीची काच थरथरली.

चौगुल्यांनी सावकाश आपला बोर्ड हातात घेतला आणि त्याला टिचकी मारली. काही नाही. मग माझ्या बोर्डाला नखाने हलकेच टिचकी मारली. धप्प.

"तुमची कॉइल उघडी हाय बाई," ते म्हणाले. "टेबल हाललं की ती हालतीय. मेण घाला. मी घातलंय बगा तसं."

"म्हणजे हे चालू आहे," मी म्हणाले.

"चालू हाय की."

"मग खरखर कुठे गेली?"

कर्ण्यातून टप, टप, टप असा नवा आवाज येऊ लागला होता. आम्हाला तो कळायच्या आत पानसे साहेब जिना चढून दारात उभे राहिले. त्यांच्या चपला कर्ण्यातून त्यांच्याआधी खोलीत पोचल्या होत्या.

"कुणी काय चालू केलंय?" साहेब म्हणाले. त्यांची नजर पहिली मामलेदाराकडे गेली. झेंडू जागेवर होता. मग बॅटऱ्या, दातांनी सोललेल्या वायरी, आणि कर्णा. "हे काय आहे?"

"जोड लावलीय साहेब," चौगुले म्हणाले.

मी समजावून सांगितलं. साहेब ऐकत खुर्चीवर बसले, कर्ण्याला कान लावला, मग स्वतःच माझ्या बोर्डाला टिचकी मारून पाहिली. धप्प झालं तसे ते दचकले.

"एकच क्रिस्टल दोघांना दिलंय ना? मग क्रिस्टलची खरखर वजा होणारच," ते म्हणाले. साहेबांना फसवणं सोपं नव्हतं.

"क्रिस्टलबद्दल आपली तक्रार कधीच नव्हती," मी म्हणाले. "मामलेदार दाखवतो ती खरखर बोर्डांची आहे, असंच आपण धरलं होतं. ती असती तर इथे कान फाटले असते."

"मग ती कुणाची?"

दोन वेगळे बोर्ड, नात्यागोत्याचंही साम्य नसलेले, आणि दोघांवर तोच उंचवटा, त्याच जागी. इतके दिवस ते माझ्या डोळ्यासमोर होतं. मी वळून चादरीवरच्या मामलेदाराकडे बघितलं. हळदीकुंकू लावून, फूल घेऊन तो शांतपणे बसला होता.

"त्याची," मी म्हणाले.

"काय बोलता खांबेटे," साहेब मला म्हणाले.

"साहेब, त्याच्या पोटातही एक सिंथेसायझर आहे. आपला सिग्नल तो त्याच्याशीच ताडून बघतो. आपली खरखर त्याच्याहून जास्त होती तोवर तो बरोबर सांगत होता. मग आपली कमी झाली. तेव्हापासून तो स्वतःचीच दाखवतोय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे श्रावणापासून मी तुम्हाला जे बोलत होतो..."

"ते मामलेदाराला बोलत हुतासा," चौगुले म्हणाले.

साहेब हसायला लागले. आधी खांदे हलले, मग टेबल हललं, मग माझ्या उघड्या कॉइलने ते हसू पकडलं आणि कर्ण्यातून धाप्प धाप्प करून दुप्पट मोठं बाहेर काढलं. "आणि आज मी त्यालाच फूल वाहिलं," ते कसेबसे म्हणाले, "भाषण केलं त्याच्यावर." मग आम्हालाही आवरेना. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते सगळंच हसण्याचं नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं की हे काम आपल्याला जमत नाही. ते कधीच जमून गेलं होतं.

फूल मात्र साहेबांनी काढू दिलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माझा बोर्ड बॅटरीवरच ठेवून मामलेदाराला जोडला. तोच उंचवटा, रेषेच्या वर. आता त्याचा राग आला नाही, उलट जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. मग दोन्ही बोर्डांची वजाबाकी केली आणि मामलेदाराला फक्त बाकी मोजायला दिली. आता ताडायला मूळ सिग्नलच उरला नव्हता, म्हणून त्याची स्वतःची खरखर आड येत नव्हती. आकडा लाल रेषेच्या इतका खाली गेला की साहेबांनी तीनदा बटणं तपासली.

देवस्थळी आले. सुकलेल्या चेहऱ्याचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळं पाहिलं, माझ्या बोर्डाच्या उड्या पाहिल्या, चौगुल्यांच्या बोर्डाला टिचक्या मारल्या. शेवटी चहा पिताना म्हणाले, "जलद कोणता ते दिसलंच. जास्त शांत कोणता?"

साहेबांनी बशी खाली ठेवली. "ते सांगता येत नाही. वजाबाकीत दोघांची मिळून खरखर येते. त्यात कुणाचा वाटा किती, हे दोघांवरून कळत नाही. तिसरा लागतो. मग तीन जोड्या लावायच्या, की गणिताने प्रत्येकाची वेगळी काढता येते."

"मग तिसरा करा," देवस्थळी आधी माझ्याकडे, मग चौगुल्यांकडे बघत म्हणाले. "आणि त्यात उडी यांची असू दे, शांतपणा यांचा."

तिसरा बोर्ड आम्ही दोघांनी मिळून केला. माझी युक्ती मी कुणाला सांगितली नव्हती, ती चौगुल्यांना सांगितली: उडी मारायच्या आधीच ऑसिलेटरला, म्हणजे फ्रीक्वेन्सी निर्माण करणाऱ्या भागाला, पाय कुठे टेकायचाय ते कळवून ठेवायचं, म्हणजे पोचल्यावर चाचपडावं लागत नाही. त्यांनी मला मेण किती गरम करायचं ते शिकवलं. आम्ही रोज भांडलो. दिवाळीच्या फराळाचा डबा उघडून त्यावरही भांडलो, कारण त्यांना पुण्याची चकली मऊ वाटत होती. इतकी मजा मला त्याआधी कधी आली नव्हती.

तिसरा पुरा झाला त्या दिवशी तिन्ही जोड्या लावल्या. आकडे घेऊन साहेब कोपऱ्यातल्या आपल्या टेबलावर बसले. आम्ही दोघं खिडकीपाशी उभे होतो. बऱ्याच वेळाने साहेब उठले. त्यांचा चेहरा खुलला होता.

"तिसरा सर्वांत शांत," ते म्हणाले. "तुम्हा दोघांच्याही वरताण."

चौगुल्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, आता मी रडणार. रडले नाही, हे नशीब.

"आणि आता पहिल्या दोघांचं," साहेब म्हणाले. "सरस कोण, तेही निघालंय. ऐका."

श्रावणापासून मला तेवढीच एक गोष्ट ऐकायची होती. पण साहेबांनी तेव्हा दिलेला शब्द अजून मागे घेतलेला नव्हता. सरस असेल तो वर, दुसरा चार्जरकडे. ही खोली मला हवी होती, अजूनही हवी होती. मात्र चौगुल्यांच्या टेबलावर कुणी नसलेली खोली डोळ्यांपुढे आणून बघितली, आणि ती मला आवडली नाही.

"नको साहेब," मी म्हणाले.

"काय नको?"

"सांगू नका."

साहेबांनी चौगुल्यांकडे पाहिलं. चौगुले जमिनीकडे बघत होते. "मला बी नको," ते म्हणाले.

"अरे, मी एवढं गणित केलंय," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "आणि कुणीच सरस नाही, तर चार्जरकडे पाठवू कुणाला?"

चौगुल्यांनी मान वर केली. आपल्या संथ आवाजात, अगदी आदराने ते म्हणाले, "तुमीच जावा की साहेब."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन बोर्डांकडे.

सोमवारी मी कामावर आले तेव्हा चौगुले दार उघडं राहावं म्हणून त्याला पाठ लावून उभे होते, आणि दोन माणसं साहेबांचं टेबल जिन्यावरून खाली चार्जरच्या शेडकडे नेत होती. साहेब मागून ओरडत होते, जपून, कोपरा घासेल.